तिन्हीसांजेचे आकडे

दादा गेले त्याला येत्या आषाढात वर्ष होईल, पण आमच्या खासगी बाजार पेठेत माझी ओळख द्यायची झाली तर लोक अजून म्हणतात, "वो दिये बुझानेवाले मास्टर की बहन." मला राग येतो. माणसानं तीस वर्षं शाळेत शास्त्र शिकवलं, अर्ध्या लष्कर शहरातल्या पोरांना भिंग नि लोहचुंबक हातात दिलं, आणि नाव काय पडलं, तर दिवे विझवणारा! बरं, खोटं आहे असंही म्हणता येत नाही. दादांनी खरंच दिवे विझवले. मोजून मोजून विझवले. आणि शेजारी मी बसलेली असायची, म्हणजे त्या पापात माझाही वाटा.

दादा म्हणजे महिपतराव, माझे थोरले भाऊ. आजोबा घोडदळात होते, वडील फौजेच्या कचेरीत. दादा शाळेत लागले तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली. मी त्यांच्याकडे आले ती इन्फ्लुएंझाच्या साली, कपाळ पुसून. सासरी शिवपुरीला एका तिन्हीसांजेला मी वेणी घालत बसले होते, दार उघडं राहिलं, आणि वाऱ्यानं तुळशीपुढचा दिवा गेला. सासूबाई ओरडल्या. आठव्या दिवशी आमचे हे तापानं गेले. साथीत घरंच्या घरं गेली, हे मला का कळत नाही? कळतं. पण तेव्हापासून संध्याकाळी ज्योत हलली की माझा हात आपोआप जातो. त्याला मी काय करू?

आता दादांची उठाठेव सांगते. त्यांचा प्रश्न असा, की दिवा वाऱ्यानं विझतो तो नेमका कसा. अहो, फुंकर मारली की विझतो, त्यात विचारायचं काय! पण दादा म्हणायचे, "मंदे, नीट बघ. ज्योत एकदम मरत नाही. आधी कलते. मग वातीपासून सुटते आणि बोटभर पुढं अधांतरी जळत राहते. इकडे वात काळी, तिकडे जाळ जिवंत. मग जाते. किती वारा झाला की ती वात सोडते, हे कुणी तरी मोजायला नको?"

"कुणी तरी मोजेल की," मी म्हणायची. "खामखा तुम्हीच कशाला?"

पण ऐकतील ते दादा कसले. तुकोजी सुताराला बसवून त्यांनी पाच हात लांबीची एक लाकडी पेटी करून घेतली. दोन्ही तोंडं उघडी. पुढच्या तोंडाजवळ काच, काचेआड तेलाचा दिवा. मागच्या तोंडाला पत्र्याचा पंखा, तो सायकलच्या चाकानं आणि साखळीनं फिरवायचा. पुढच्या तोंडात एकसारखे कापलेले सरकंडे, बोरूच्या काड्या, जुडीसारखे ठासून बसवलेले, म्हणजे त्या पोकळ नळ्यांतून वारा सरळ आत येतो. "वारा ढकलायचा नाही, ओढायचा," दादा सांगायचे. "ढकलला की गोंधळतो."

ते मागं बसून चाक फिरवायचे, डोळे घड्याळावर. मी पुढच्या तोंडाशी, काचेला नाक लावून. ज्योत गेली की मी पेटीवर टकटक करायची, आणि ते मिनिटाला किती फेरे झाले ते वहीत लिहायचे. वारा मोजायचं खरं यंत्र आमच्याकडे नव्हतं. एका सकाळी तोंडाशी उदबत्ती धरून, तिचा धूर पेटीतून किती वेळात सरकतो ते पाहून, इतके फेरे म्हणजे इतका वारा असा तक्ता त्यांनी करून ठेवला होता. रोज सकाळी शाळेच्या आधी हा खेळ चालायचा; शाळेतून आल्यावर दिवेलागणीची दुसरी पाळी पुढं सुरू झाली. शेजारचे दौलतसिंह ओट्यावरून विचारायचे, "मास्टरसाब, आज कितने बुझाए?" दादा खरं उत्तर द्यायचे. "ग्यारह." त्यांना थट्टा कळायचीच नाही.

सत्तावीस सालच्या पावसाळ्यात वनमालावहिनींनी अंथरूण धरलं. छातीचा रोग. उन्हाळ्यापासून खोकत होत्या, उन्हाचा वारा, लू, लागली असेल म्हणून आम्ही कैरीचं पन्हं देत बसलो. डॉक्टरांनी काय ते सांगितलं आणि दादा एका महिन्यात दहा वर्षांनी वाकले. दिवसभर शाळा, मग औषधं, मग रात्रीची जागरणं. मी म्हटलं, आता तरी ती पेटी माळ्यावर टाका. ते म्हणाले, "तेवढं एकच काम आहे ग, ज्यात मी थकत नाही."

वहिनींची खाट मधल्या खोलीत, दार समोर उघडं. श्रावणात दादांनी दिवेलागणीची पाळी सुरू केली, तिची पहिलीच संध्याकाळ होती. देवापाशी दिवा लावून मी पेटीशी बसले. दादांनी चाक धरलं, ज्योत कलली, वातीपासून सुटायला आली, आणि तेवढ्यात आतून वहिनींना खोकल्याची उबळ आली. हात कधी गेला मला कळलं नाही, पण पदर सरकंड्यांच्या अर्ध्या तोंडावर होता. ज्योत पुन्हा सावरून वातीला चिकटली. दादा मागं, पेटीआड; त्यांना माझी सावलीसुद्धा दिसायची नाही. ते फेरे वाढवत गेले. शेवटी पदरालाही न जुमानता ज्योत गेली, आणि मी टकटक केलं.

"एकाहत्तर!" दादा म्हणाले. सकाळी बासष्टला गेली होती.

तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच, तिसऱ्या संध्याकाळीही. सकाळी माझा हात मांडीवर गप्प असायचा. सकाळच्या ज्योतीचं मला काही नव्हतं. संध्याकाळी मात्र वहिनी आत खोकत असताना, आपल्या हातानं आपल्या घरात दिवा जाऊ द्यायचा? तो जायचा तर जायचाच, पण निदान मी आडवी तरी येत होते. चौदा महिने मी ताकाला तूर लागू दिली नाही.

आणि इकडे दादा खुलले! सकाळी साठ-बासष्ट, संध्याकाळी सत्तर-बहात्तर, दिवसामागून दिवस. संध्याकाळच्या हवेत ज्योत जास्त तग धरते, हे आजवर कुणी मोजलेलं नाही, असं ते म्हणायला लागले. दिवसाचा ताप उतरतो, हवेत ओल येते, दाटपणा येतो, त्यातलं नेमकं काय ज्योतीला धरून ठेवतं यावर त्यांनी वह्या भरल्या. जेवताना घास हातात धरून विचार करायचे. मला वाटलं, करू दे बिचाऱ्यांना, कुणाचं काय जातंय. मूर्ख मी! शास्त्र म्हणजे भरतकामाचा नाद, असंच मी धरून चालले होते.

मग त्यांनी इंग्रजीत निबंध लिहिला आणि अलाहाबादच्या एका प्राध्यापकांना पाठवला. दसऱ्याला उत्तर आलं. पेटी घेऊन दिवाळीच्या सुटीत इकडे या, आमच्यासमोर सकाळ-संध्याकाळ करून दाखवा. आकडे असेच आले तर आमच्या प्रयोगशाळेत तुमच्यासाठी मदतनिसाची जागा आहे. दादांनी ते पत्र आम्हाला उभं राहून वाचून दाखवलं. मग बसले, आणि दोन्ही हात तोंडावरून फिरवून म्हणाले, "चौदा वर्षं खडू खाल्ला. आता सुटलो." वहिनी त्या दिवशी भिंतीला धरून चुलीपाशी आल्या आणि चमचाभर साखर त्यांच्या हातावर ठेवली. मी पाणी आणायचं निमित्त करून बाहेर गेले.

दुसऱ्या दुपारी दादा शाळेत असताना वहिनींनी हाक मारली. "वन्सं, जरा इथं बसा. माझ्या उशाकडून पेटी दिसते, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

मी खालीच बसले.

"पहिल्यापासून पाहतेय," त्या म्हणाल्या. धाप लागत होती, थांबून थांबून बोलत होत्या. "मीही बोलले नाही. तुम्ही पदर धरायच्या ना, तेव्हा मला बरं वाटायचं. वाटायचं, कुणी तरी राखतंय मला. पण वन्सं, हे तिकडे जाऊन पेटी लावतील, आणि तिथं तुमचा पदर नसेल. चार विद्वानांत हसं होईल ह्यांचं. आज सांगा. मी सांगितलं तर तुम्हाला मान वर करता येणार नाही."

संध्याकाळी दादा आले, फेटा उतरवला, पाणी प्याले, आणि मी सांगून टाकलं. एका दमात, शिवपुरीच्या तुळशीपासून सगळं. ते ऐकत होते. मग म्हणाले, "किती झाकायचीस? दाखव." मी पदर अर्ध्या तोंडावर धरून दाखवला. रविवारी सकाळी उजेडात त्यांनी उदबत्ती लावली, मला पदर धरायला सांगितला, आणि चाक फिरवलं. धूर पेटीतून रेंगाळत, आळसावल्यासारखा गेला. फेरे तेच, वारा कमी. पाहिलं त्यांनी. चाक सोडलं.

"चौदा महिने, मंदे," एवढंच म्हणाले.

"शिव्या तरी घाला हो!" मी रडत होते. "एक थोबाडीत तरी द्या!"

त्यांच्यात तेवढंही बळ नव्हतं. दौत ओढून अलाहाबादला पत्र लिहायला बसले. निबंध परत मागितला, येणार नाही असं कळवलं. मी विचारलं, कारण काय लिहिलंत. म्हणाले, "निरीक्षकाची चूक."

"म्हणजे माझी."

"माझी. पेटी माझी, तक्ता माझा. तिन्हीसांजेला धूर दिसत नाही, म्हणून तिन्हीसांजेचा वारा मी कधी मोजलाच नाही. सकाळचाच तक्ता लावत गेलो. बहात्तर आवडला मला, म्हणून तपासला नाही. तू पदर धरलास, मी डोळे मिटले. कोणाची चूक मोठी?"

मला वाटलं, सुटलं एकदाचं. कुठलं काय! सोमवारी दादा शाळेतून आले आणि पेटीत तेल घालायला लागले. म्हणाले, संध्याकाळचे आकडे खोटे ठरले, पण खरे कुठं आहेत? ते घ्यायला नकोत? मी साफ सांगितलं, मी बसणार नाही. घरात बाई झुरतेय आणि मी तिच्या डोळ्यांदेखत तिन्हीसांजेचा दिवा जाऊ देऊ? दुसरं माणूस बघा. आतून वहिनींचाच आवाज आला. "बसा, वन्सं. पदर खोचून बसा. ह्यांचं एक तरी काम खरं होऊ द्या."

मी पदर कमरेला घट्ट खोचला आणि बसले. हात मांडीखाली दाबून ठेवले होते. ज्योत कलली, सुटली, बोटभर पुढं लटकली, आणि गेली. टकटक करायला मला हात मांडीखालून ओढून काढावा लागला. बासष्ट. दुसऱ्या दिवशी एकसष्ट. पुन्हा बासष्ट. अशा चाळीस संध्याकाळी मी बसले, आणि रोज उठताना पहिली वहिनींच्या खाटेपाशी जाऊन त्यांच्या छातीकडे बघायची, की वरखाली होतेय ना. त्या हसायच्या. "आहे हो अजून," म्हणायच्या.

माघात त्या गेल्या. भर दुपारी दोन वाजता, ऊन पडलेलं, पेटी तीन दिवसांत कुणी शिवलीही नव्हती. त्यांचं एक फुप्फुस कधीच संपलं होतं, डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं, हे सगळं मला माहीत आहे. कुणी मला समजवायला येऊ नका. माहीत असणं वेगळं आणि त्या चाळीस संध्याकाळी वेगळ्या.

तेराव्यानंतर दादांनी खरे आकडे अलाहाबादला पाठवून दिले. उत्तर सभ्य आलं. सकाळ-संध्याकाळ फरक नाही, हे आपण काळजीपूर्वक दाखवलं आहे. पण फरक नसल्याचं छापण्यासारखं काही नाही. दादांनी पत्र वहीत ठेवलं. पेटीचा पंखा काढून तुकोजीला दिला, पेटीत आम्ही गोधड्या ठेवायला लागलो. पुढची पंधरा वर्षं ते शाळेत गेले आणि आले, गेले आणि आले. कुणी काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही.

पण एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती, ती आज सांगते. वहिनी गेल्या त्या उन्हाळ्यात, लू संध्याकाळीसुद्धा थांबत नसे. मी देवापाशी दिवा लावला आणि दार ढकलायला वळले, तर दादा उठून आले होते. दिव्यापुढं उकिडवे बसून त्यांनी दोन्ही हातांचा आडोसा केला होता. मग रोजचंच झालं. शाळेतून कितीही दमून येवोत, दिवेलागणीला वारा असला की ते येऊन बसायचे. शेवटच्या आजारातसुद्धा भिंत धरत आले.

एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, "दादा, तुमच्याच वहीत लिहिलंय ना, सकाळ काय नि संध्याकाळ काय, फरक नाही म्हणून?"

"नाहीच," ते म्हणाले. "आकडे बरोबर आहेत."

हात मात्र त्यांनी काढले नाहीत. वारा पडेपर्यंत तसेच बसून होते. मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि म्हणाले, "चल, पानं घे. भूक लागलीय."