दोनशे छप्पन्न छटा

नवरा गेल्यावर दहाव्या दिवशी नकाशेवाली कामावर हजर झाली. ऑफिसात तिला याच नावाने हाक मारत. उपग्रहाने मोजलेले जमिनीच्या उंचीचे आकडे घ्यायचे आणि त्यांचं करड्या रंगाचं चित्र करायचं, हे तिचं काम. खोल जागा काळी, उंच जागा पांढरी. गेम बनवणारे ते चित्र संगणकाला देत, की पडद्यावर डोंगर उभे राहत.

साहेब म्हणाले, "अजून थोडे दिवस घरी राहिलात तरी चालेल."

"घरी काय करू?"

साहेबांनी नव्या कामाची फाइल तिच्याकडे सरकवली.

त्या आठवड्यात एका दरीचं काम होतं. तळापासून माथ्यापर्यंत दोन हजार मीटर. तिने तुकडे जोडले, जिथे आकडेच नव्हते तिथे आजूबाजूची उंची बघून भर घातली. हात आपोआप चालत होते. रडू येत नव्हतं, भूकही लागत नव्हती. चहा गार व्हायचा, ती तसाच प्यायची.

शुक्रवारी गेममध्ये डोंगर बसवणारी मैत्रीण खुर्ची ओढत आली. "अगं, ही दरी आहे की जिना?"

उतारावर खरंच पायऱ्या पडल्या होत्या. नकाशेवालीने फाइल उघडली. पासष्ट हजार छटांत साठवायचं चित्र तिने दोनशे छप्पन्न छटांत साठवलं होतं. दोन हजार मीटर तेवढ्याच छटांत वाटले गेले, म्हणून दर आठ मीटरला एक पायरी. हीच चूक करू नका म्हणून अकरा वर्षं ती नवशिक्यांच्या कानीकपाळी ओरडत आली होती.

"दे, मी करते," मैत्रीण हळूच म्हणाली.

"नको. माझं आहे, मीच करते."

लाज वाटायला हवी होती, तीही वाटली नाही. तिने सगळं पहिल्यापासून केलं. उतार गुळगुळीत झाले.

घरी सासूबाई दाराशीच बसल्या होत्या. मुलगा गेल्यापासून दोघी कामापुरतंच बोलत.

"उशीर झाला गं?"

"कामात चूक झाली. निस्तरत बसले."

"मीही भात करपवला. पातेलं बघ, कोळसा झालाय. वासच आला नाही मला."

घरभर धूर होता. नकाशेवालीच्याही ते आत्ताच ध्यानात आलं. तिने खिडकी उघडली, पातेलं घेऊन घासायला बसली. सासूबाई शेजारी स्टूल घेऊन बसल्या.

"काय चुकलं होतं तुझं?"

तिने सगळं सांगितलं. आकडे, छटा, पायऱ्या. सासूबाईंना ओ की ठो कळलं नाही, पण त्या शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "ब्रेड आहे. खाऊ या?"

"खाऊ या," ती म्हणाली.