नेपल्समधले आठ तास

त्या सहलीचे चारशे फोटो होते, ते मोबाईलबरोबर गेले. किस्से मात्र कुठं जात नाहीत. एक काढला की त्याला धरून दुसरा येतो, आणि चहा गार होतो!

दहाएक वर्षं झाली. औरंगाबादच्या एकाच शाळेतून निवृत्त झालेले आम्ही तिघं मास्तर. भूगोलाचे कडूबा सर मूळचे पिशोरचे, चित्रकलेचे हमीद सर सिल्लोडचे, आणि मी गणिताचा. सोबत माझी बायको सुनंदा. मुलांनी हट्टानं क्रूझवर बसवून दिलं. सकाळी बोट नेपल्सला लागली. पाचच्या आत परत यायचं होतं. टूरची बस आम्ही नाकारली. पायी फिरायचं!

* * *

पुढं अर्थातच कडूबा सर. तीस वर्षं फळ्यावर इटलीचा बूट काढलेला माणूस!

"चला माझ्या मागं. नकाशा पाठ हाय."

डावीकडं, उजवीकडं, चढ, उतार. पाऊण तासानं समोर पुन्हा आमचीच बोट!

सर शांतपणे म्हणाले, "पृथ्वी गोल हाय. शिकवलंच होतं की मी."

* * *

गल्ल्या एवढ्या अरुंद, की वर समोरासमोरच्या घरांत दोऱ्या बांधून चादरी वाळत घातलेल्या. खाली हॉर्न वाजवत स्कूटर. एकीवर तिघं, आणि मधल्याच्या मांडीवर कुत्रं!

हमीद सर भिंतीला चिकटून ओरडले, "अरे, ये तो अपना शहागंज है! नंबर देखो मियाँ, एमएच बीस होगा!"

मग तिथल्याच पायरीवर बसून त्यांनी त्या चादरी वहीत काढल्या. हमीद सर आता लेकीकडं पुण्याला असतात. चित्र माझ्या भिंतीवर आहे.

* * *

बाजारात सुनंदानं सवयीनं टोमॅटो दाबून बघितला. भाजीवाला खवळला. तिथं मालाला हात लावत नाहीत म्हणे!

ही कसली ऐकते? "बघितल्याशिवाय कोण घेतं हो?" अस्सल मराठीत!

तो हसला आणि हिरव्या पानांची एक काडी हिच्या हातात दिली. हिनं वास घेतला. "अहो, ही तर तुळस!" काडी डोळ्यांना लावून हिनं हात जोडले.

भाजीवाल्यानं घाईघाईनं छातीवर क्रूस काढला!

* * *

साडेतीनला मागं वळून बघतो, तर कडूबा सर गायब! फोन बंद.

वहिनी, म्हणजे सरांची बायको, जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून सरांनी आमच्यासमोर त्यांचं नावसुद्धा काढलं नव्हतं. सहलीला आम्हीच त्यांना ओढून आणलं होतं.

हमीद सर गल्लोगल्ली हाका मारत सुटले. सव्वाचारला एका उघड्या दारातून ओळखीचा आवाज आला. आत टेबलाशी सर जेवत होते. समोर काळ्या कपड्यातली एक आजी. भिंतीवर एका माणसाचा फोटो, त्यापुढं छोटा दिवा.

सर मराठीत सांगत होते, "...अन् तिला रानातली वांगी लई आवडायची."

आजी मान हलवत होती. मग ती इटालियनमध्ये बोलायची, आणि सर मान हलवायचे. दोघांचेही डोळे ओले.

"सर, बोट सुटंल!" मी दारातूनच ओरडलो.

आजीनं दोन्ही हातांनी सरांचे गाल धरले, काहीतरी म्हणाली. आम्ही पळालो. अगदी शेवटी चढलो.

डेकवर धाप टाकत सुनंदानं विचारलं, "सर, आत गेलातच कसे?"

"दारातून डोकावलो, तर दोन ताटं मांडलेली. एकावर मला बसवलं."

"कुणी यायचं होतं का त्यांच्याकडं?"

"नाय. एकटीच राहती ती."

"मग दोन ताटं कशाला?"

सर समुद्राकडं बघत होते.

"घरी मी पण दोनच मांडतो."