करंट घेतल्यावर काय खाल्लं

संगमनेरला आमच्याच गल्लीत पाय घसरून पडले मी. गुडघ्याच्या बाजूला मार बसून नस दबली आणि उजवं पाऊल वर उचलेना. चालताना चप्पल मागेच राहायची. पुण्यातला मुलगा फोनवर म्हणाला, "दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर तू इकडंच यायचं." तीस वर्षं शाळेत पोरांना मुदती घातल्या, आता मलाच मुदत. डोकंच फिरलं माझं. मला माझं घर सोडायचं नव्हतं.

फिजिओथेरपीवाली मुलगी दोन दिवसांआड यायची. नडगीवर पट्ट्या चिकटवून करंट द्यायची. पाऊल टुणकन वर यायचं, मशीन बंद केलं की लुळं. दीड महिन्यानं टेप लावून पाहिलं तर वाळलेला पाय होता तेवढाच बारीक.

ती दरवेळी विचारायची, "काकू, नंतर डाळ, अंडं, काही खाता ना?" मी खुशाल सांगायची, "खाते की गं."

साफ थाप. हे गेल्यापासून मी उपास वाढवत नेले होते. सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी. शेजारणी म्हणायच्या, काकूंचं देवाधर्माचं फार. देवाचं कसलं डोंबल. एकटीसाठी कुकर लावायचा जिवावर यायचं. केळं, चहा, की झाला दिवस.

एका गुरुवारी तिनं कोरडा ओटा पाहिला आणि मी कबूल केलं. ती रागावली नाही. म्हणाली, "करंटनं स्नायू आखडतो ना, तेव्हा तो रक्तातलं अमिनो ॲसिड जास्त ओढून घेतो. ते डाळी-अंड्यांतून येतं. तुम्ही उपाशी, तर बिचारा ओढणार काय?" मग तिनंच मटकी भिजत घातली.

उपास सोडले. करंट झाला की उसळ नाहीतर दोन अंडी, भिंतीकडं बघत खायची. पहिले काही दिवस समोर हे नाहीत म्हणून रडूच यायचं.

दिवाळीच्या आधी एका दुपारी मशीन बंद असताना पाऊल उचललं. थोडंसंच, पण माझं मी. तसाच मुलाला फोन लावला. म्हटलं, "पाय सुधारतोय. मी काही तिकडं येत नाही."

"बरं," तो म्हणाला. एकदासुद्धा 'ये की' म्हणाला नाही.