सासऱ्याच्या डोक्यावरचा पटका

माझ्या सासऱ्याच्या उजव्या खांद्यातलं बळ सरायला लागलं, ते घरात सगळ्यात आधी मला कळलं. कारण मी त्याची वाटच पाहत होते.

निजामी अमल होता. राणीसावरगावच्या बाजूला आमचं खेडं. लग्नानंतरच्या पहिल्याच पंचमीला बाप मला न्यायला आला. खुरपणी चालू होती, सासरा नको म्हणाला. बापाने पुन्हा एकदा हात जोडले. तेवढ्यावरून सासऱ्याने हात उगारला आणि बापाच्या डोक्यावरचा तांबडा पटका अंगणातल्या चिखलात पाडला. चार माणसं बघत होती. बापाने पटका उचलून काखेत धरला आणि बोडक्या डोक्याने आपल्या गावाची, पालमची वाट धरली. आमच्याकडे घरात मयत झाल्याशिवाय पुरुष बोडका बाहेर पडत नाही. त्यानंतर बाप माझ्या दारात आला नाही. बाळंतपणं झाली, तरी नाही.

तो हात मी विसरले नाही. एका खांद्यावर पेरणीची तिफण टाकून शेताला जाणारा हा गडी, पुढे तीच तिफण गाडीत घालून न्यायला लागला. कापसाचं गाठोडं गाडीवर फेकायला गेला की अर्ध्यातूनच खाली यायचं. बाईचं बळ सगळ्या अंगात मुरलेलं असतं. पुरुष ते खांद्यात साठवतो आणि खांदा गेला की उघडा पडतो. मला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटायच्या. शेवटी त्याचा हात कानाच्या वर जाईना, म्हणजे पटका बांधता येईना. रोज सकाळी नवरा दार लोटून बांधून द्यायचा. बाहेर कुणाला पत्ता नव्हता.

एकदा नवरा कापसाची गाडी घेऊन सेलूच्या बाजाराला गेला आणि तिकडेच अडकला. दुसऱ्या दिवशी नणंदेला बघायला पाहुणे यायचे होते. सासू कधीच वारली होती. सासऱ्याने डाव्या हाताने गुडघ्यावर पटका गुंडाळून पाहिला, पण डोक्यावर ठेवला की पीळ सुटायचे. अखेर तो माझ्या दाराशी आला.

“सूनबाई, हे जरा बांधून दे. उद्या पाव्हणे यायलेत.”

मी दाराआडूनच म्हणाले, “बांधते की, मामंजी. पर आधी घरची दुसरी गाडी जुंपाया सांगा, बोडक्यानंच माज्या म्हायेरी जावा, अन् माज्या बापाला राम राम घालून उद्याचं बोलावणं द्या.”

त्याचा हात उगारायला निघाला आणि छातीशीच थांबला. मग तो गेला. चावडीपुढून गाडी जाताना लोक विचारत होते, कोण गेलं म्हणून. ते ऐकून माझा जीव थंड झाला.

दिवस मावळता गाडी परत आली. बाप आला होता, माझ्या भावाने बांधून दिलेला नवा पटका घालून. पण सासऱ्याच्या डोक्यावरही पटका होता. तांबडा, कडेला चिलमीच्या ठिणगीचं भोक पडलेला. माझ्या बापाचा!

माझं डोकंच फिरलं. बापाला चुलीपाशी बोलावून म्हणाले, “बा, असल्याला तुमी पटका देता? मी बोडका धाडला व्हता त्याला!”

“माजे बी खांदे गेलेत, माय,” बाप म्हणाला. “हात वर जाईना म्हणून तुज्या मायनं ह्या पटक्याचे पीळ दोऱ्यानं शिवून दिले. टोपीवानी घालता येतो. त्यानं पाडलेला त्योच हाय. आता त्यालाच रोज लागंल.”

दुसऱ्या दिवशी सासरा तोच पटका घालून पाहुण्यांत बसला. तो चिखलात पडताना बघितलेल्या गावातल्या म्हाताऱ्यांनी भोकावरून ओळखला आणि एकमेकांकडे पाहिलं. रोज मुलापुढे मान वाकवण्यापेक्षा त्याला तोच बरा वाटला असावा. मरेपर्यंत त्याने तोच घातला. दुसरा शिवून देणं माझ्या हातात होतं. मी दिला नाही. याची शिवण मात्र उसवली की त्याच दिवशी दुहेरी दोऱ्याने पक्की करून द्यायचे.