विहिरीतलं टरबूज

मोटरीले कान लावून विहिरीचा रोग सांगणारा आमच्या गावात मी एकलाच. म्हणून तं माह्याच आंगणातली विहीर मी जित्ती असून मेली ठरवली.

पोरगी बाळंतपणाले येणार होती, अन् मोटर नुसती घरघर करून राह्यली होती. नळाले थेंब नाई. मी कान लावला अन् म्हनलं, "झरा आटला. आता बोअरच मारा लागते."

बायकोनं दोरानं बालटी विहिरीत सोडली, भरून वर काढली अन् माह्या पायावर ओतली.

मंग कंबरेले दोर बांधून मलेच उतरा लागलं. मोटर ज्या पाइपानं पाणी ओढते, त्याच्या तोंडाले एक पोतं चिपकलं होतं. पोत्यात टरबूज! मागच्या बाजारी आणून मीच थंडं कराले सोडलं अन् विसरून गेलतो.

पोतं काढलं तं नळ धो धो सुटला. बायको हासत हासत पाण्याचे गुंड भराले बसली.

"पाह्य, विहीर जित्ती केली का नाई?" मी म्हनलं.

"विहीर चांगलीच होती," ती म्हने. "पोरगी येऊन जाईस्तोर तुमीच विहिरीपासून दूर राहा."