पेज खारट झाली

माझ्या थोरल्या दिरांइतका घरात रमलेला माणूस मालवणातच काय, अख्ख्या कोकणपट्टीत दुसरा झाला नसेल. मामलेदार कचेरीत ते कारकून होते, पण तो त्यांचा जोडधंदा. खरा धंदा घरी असण्याचा. सकाळी विहिरीवर पहिली कळशी पायांवर ओतली की "अहाहा!" असा आवाज यायचा, आणि तो ऐकून शेजारच्या नातालमायच्या कोंबड्या दचकायच्या. त्यांचं धोतर विरून विरून इतकं झिरझिरीत झालेलं की माझी जाऊ ते पोतेऱ्याला काढायची आणि हे ते परत दोरीवर वाळत घालायचे. "गो, ह्येका आत्ता खंय मऊपणा येवक लागलो!" हे त्यांचं म्हणणं. पेजेबरोबर आंब्याचं लोणचं असलं तर शेवटची कोय ते पडवीत बसून इतकी मन लावून चोखायचे, की आलेला माणूस दारातूनच "मागाहून येतो" म्हणून परत जायचा.

एकदा जामसंड्याला सख्ख्या भाच्याचं लग्न होतं. मामा म्हणून यांना मुंडावळ्या बांधण्यापासून मान. अक्षता पडल्या आणि मामा गायब! जेवणाच्या पंगतीत शोधलं, मांडवाबाहेर शोधलं, नवरदेवसुद्धा उठून बघून आला. तोवर हे मालवणच्या गाडीत बसलेले. जाऊबाई मागाहून रडकुंडीला येऊन घरी पोचल्या, तर हे आपल्या उशीवर डोकं टेकून पडलेले. "लगीन लागला मां? मगे माजा थय काय काम?"

मी त्या घरात आले तेव्हा माझ्या यजमानांना मुंबईत नोकरी होती आणि खोली मिळायची होती. तोवर मी मालवणात. सगळे दिवस मला वाट बघण्याचे वाटायचे. थोरल्या दिरांपुढे बोलायची तेव्हा रीत नव्हती, पण ती भाऊजींनीच मोडली. उकड्या भाताची पेज निवळताना, माडाच्या झावळीची सावली भिंतीवर हलताना ते मला हाक मारायचे, "गो सुमन, हय ये, बघ!" मी जायची, बघायची आणि मनात म्हणायची, यात बघायचं काय?

मग एका वर्षी गणपतींचं विसर्जन झालं आणि जाऊबाईंना विषमज्वर झाला. ताप उतरेना. डॉक्टर यायचे आणि जाताना पायरीवर थांबून हळू बोलायचे. भाऊजींनी कचेरीतून रजा घेतली. इतकी वर्षं ज्यासाठी जीव टाकला, ते दिवसभर घरी असणं आता मिळालं. पण हा माणूस परक्याच्या घरी आल्यासारखा उंबऱ्यावर बसून राहायचा. अंघोळीचा आवाज बंद झाला. ताटात काय वाढलं ते त्यांना कळत नसे. मी एकदा म्हटलं, "भाऊजी, जरा आत येऊन पडा." तेव्हा ते म्हणाले, "घर हयच आसा गो, पण माका गावणा नाय."

जाऊबाईंसाठी पेज मात्र ते स्वतः करायचे, मला हात लावू द्यायचे नाहीत. जाऊबाई डोळे मिटून दोन चमचे गिळायच्या आणि तोंड फिरवायच्या. असं किती दिवस चाललं कोण जाणे. एका सकाळी त्यांचं अंग गार लागलं. भाऊजींनी चमचा तोंडाशी नेला. जाऊबाईंनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि क्षीण पण स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "पेजेत मीठ घातल्यात की दर्या ओतल्यात?"

भाऊजी वाडगा घेऊन तसेच अंगणातल्या खळ्यात धावले. "गो नातालमाय! पेज खारट झाली! तिका कळला गो, पेज खारट झाली!" कुंपणापलीकडे नातालमायने आधी छातीवर क्रूस काढला, तिला वाटलं, कारकुनाचं डोकं फिरलं. मग तिला समजलं आणि ती पदरानं डोळे पुसायला लागली. भाऊजी तिथेच खळ्यात बसले आणि ती उरलेली पेज, जी खरंच कोणाला तोंडात धरवली नसती, वाडगा पुसून संपवली.

पुढे ते पुन्हा पहिल्यासारखे झाले. फरक इतकाच, की "अहाहा" म्हणायच्या आधी जाऊबाई कुठे आहेत ते एकदा बघून घ्यायचे.

आम्हाला मुंबईत खोली मिळाली, संसार झाला. आता भाऊजी नाहीत, जाऊबाईही नाहीत. संध्याकाळी हे कामावरून येतात आणि दाराबाहेर चपला काढतात. तो आवाज आला की हातातलं काम थांबवून मी क्षणभर उभी राहते. हे विचारतात, "अशी का उभी?" मी म्हणते, "काही नाही. दूध उतू जाईल म्हणून." चुलीवर पुष्कळदा दूध नसतंच.