माझ्या ड्रॉवरमधला जन्मदाखला

"आम्हाला पावडर नको!" दार न उघडताच आतून आवाज आला.

"पावडर विकायला नाही हो आले, शाळेतून आलेय," मी म्हणाले. "पहिलीत जाणारं कुणी आहे का घरात?"

दार चार बोटं उघडलं. वरची साखळी तशीच. फटीत एक बाई आणि तिच्या कमरेशी एक मुलगी. मी पिशवीतून शाळेचा फॉर्म काढून दाखवला, तेव्हा कुठे साखळी निघाली.

ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं होती ती. बोरिवली पूर्वेच्या एका मराठी प्राथमिक शाळेत मी शिकवत होते. मे महिन्यात लोक गावाला जात, आम्ही शिक्षक सर्व्हेला. सर्व्हे म्हणजे नव्या इमारतींचे जिने चढायचे, दारं वाजवायची आणि विचारायचं, मूल आहे का, कितव्या वर्षात आहे, आमच्याकडे घालता का. आधी पालक शाळेच्या दारात उभे असत. आता आम्ही त्यांच्या दारात होतो. इंग्लिश मीडियमचं वारं वाहू लागलं होतं.

यात माझा जीव अडकला होता. पट म्हणजे वर्गात नाव असलेल्या मुलांची संख्या. पहिलीच्या आमच्या तीन तुकड्या, आणि तिसरी टिकवायची तर तपासणीच्या दिवशी तीस मुलं दाखवावी लागणार होती. कमी पडली तर तुकडी बंद आणि तिची शिक्षिका 'सरप्लस'. सरप्लसची नोकरी जात नाही, पण जिथे जागा असेल तिथे तिला उचलून टाकतात. तिसरी तुकडी माझी होती. शाळेपासून दहा मिनिटांवर म्हणून मी वर्षभरापूर्वी तिथे एक खोली घेतली होती. गिरगावातली आमची जागा मोडली, भाऊ आपल्या बायकामुलांना घेऊन डोंबिवलीला गेला आणि मी इकडे आले. लग्न केलं नव्हतं. शाळा सुटली की दुसऱ्या दिवशी शाळा भरेपर्यंत माझ्याशी बोलायला कुणी नसे. काही रविवारी तर संध्याकाळी स्वतःचाच आवाज ऐकायला म्हणून मी वर्तमानपत्र मोठ्याने वाचायची. हे सांगायला आता लाज वाटत नाही. तेव्हा फार वाटायची.

साखळीमागच्या बाईचं नाव सुषमा सावंत. लालबागच्या चाळीतून महिन्याभरापूर्वीच इथे आलेली. मुलगी प्राची.

"चाळीत दार लावलं तर लोक विचारायचे, काय झालं म्हणून," सुषमा म्हणाली. "इथे उघडं ठेवलं तर विचारतात. बसा ना बाई, चहा ठेवते."

मी बसले. त्या दिवशी पुढचे दोन मजले माझे राहूनच गेले.

मग मी जातच राहिले. सर्व्हेचं निमित्त दोनदा पुरलं, तिसऱ्यांदा निमित्त लागलं नाही. ती मला घावन करून घालायची, मी प्राचीला चित्रं काढून द्यायची. प्राची चाळीतल्या मैत्रिणींची नावं घेऊन एकटीच घर-घर खेळायची. सगळ्यांचे आवाज तीच काढायची. सुषमाच्या नवऱ्याला मुलगी इंग्लिश शाळेत हवी होती, पण दोन ठिकाणी इंटरव्ह्यूला प्राचीने तोंडच उघडलं नव्हतं.

"बाई, अगदी खरं सांगा," एकदा सुषमाने विचारलं. "तुमची मुलगी असती तर कुठे घातली असतीत?"

"माझ्याच वर्गात," मी म्हणाले.

ते खोटं नव्हतं. पण मी ते मुलीच्या भल्यासाठी म्हणाले, तिसावं मूल हवं म्हणून म्हणाले, की मला ते घर हवं होतं म्हणून म्हणाले, हे तेव्हा माझं मलाही सांगता आलं नसतं.

सुषमाने फॉर्म भरला आणि प्राचीचा जन्मदाखला माझ्या हातात दिला. अस्सल, ग्रामपंचायतीचा. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे नोंद संगमेश्वरकडच्या गावातली. "जपा हं बाई. दुसरा काढायचा तर गावाला जावं लागतं." रजिस्टरमधल्या नोंदी पुऱ्या होईपर्यंत सगळ्या मुलांचे दाखले वर्गशिक्षिकेकडे राहत. मी तो टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवला आणि कुलूप लावलं.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. पहिला आठवडा प्राची नुसती बघत बसली. दुसऱ्या आठवड्यात ती शेजारच्या मुलीशी पेन्सिलीवरून भांडली. मला इतका आनंद झाला, की मी दोघींनाही ओरडले नाही. माझा पट बरोबर तीस होता.

तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी मधल्या सुट्टीत सुषमा शाळेत आली. पदर हातात पिळत होती.

"बाई, ह्यांच्या साहेबांच्या ओळखीने सीट मिळतेय, इंग्लिश शाळेत. कुणाची तरी बदली झाली म्हणून जागा रिकामी झालीय. शनिवारी बाराच्या आत ओरिजिनल दाखला नेऊन द्यायचाय, नाहीतर ती दुसऱ्याला देणार."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"तुमच्याकडे ती बोलायला लागली, हे मला दिसतंय. पण बँकेत गेले की मला इंग्लिशमधली स्लिप भरता येत नाही. मागे उभे असलेले हसतात. तिला कुणी हसायला नको, बाई."

मी तिला तिथेच थांबवून हेडसरांकडे गेले आणि सगळं सांगितलं.

हेडसर माणूस वाईट नव्हता. त्यांनी चष्मा काढला. "तपासणी कधी आहे?"

"सोमवारी."

"मग मंगळवारी या म्हणावं."

"सर, त्यांची सीट शनिवारी जाईल."

"आणि सोमवारी तुमची जाईल, परुळेकर बाई. मी हे कुणासाठी सांगतोय? दाखला ऑफिसात आहे, हेडसर बाहेरगावी गेलेत, असं सांगा. चार दिवसांचा तर प्रश्न आहे."

मी बाहेर आले. सुषमा माझ्या वर्गाच्या दारात, माझ्या टेबलापासून चार हातांवर उभी होती.

"दाखला ऑफिसात गेलाय," मी म्हणाले. "हेडसर बाहेरगावी आहेत. सोमवारनंतर बघू."

"तुम्ही आहात ना बाई, मग काही काळजी नाही," ती म्हणाली आणि गेली. पुढच्या तासाला मी फळ्यावर बेरजा लिहिल्या आणि त्यातल्या दोन चुकीच्या सोडवल्या.

शुक्रवारी प्राचीने दप्तरातून डबा काढून माझ्या टेबलावर ठेवला. घावन आणि खोबऱ्याची चटणी.

"आईने दिलंय. आई बाबांना म्हणाली, ओरडू नका, बाई बघतील."

डबा मी उघडलाच नाही. शाळा सुटल्यावर ड्रॉवरचं कुलूप काढलं, दाखला पर्समध्ये ठेवला आणि घरी आले. हेडसरांना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी पुन्हा समजावलं असतं आणि मी पुन्हा समजले असते.

शनिवारी सकाळी आठला मी सावंतांचं दार वाजवलं. सुषमाने दाखला बघितला आणि माझे दोन्ही हात धरले.

"हेडसर आले का परत? तुम्हाला किती त्रास दिला मी! कसा मिळवलात?"

इथे मी गप्प बसू शकत होते. नुसतं हसले असते तरी चाललं असतं. पण तिने हात धरले होते आणि मला ते सहन होईना.

"हेडसर कुठे गेलेच नव्हते," मी म्हणाले. "दाखला माझ्याच ड्रॉवरमध्ये होता. गुरुवारीही तिथेच होता." मग सोमवारची तपासणी, तीसचा पट, माझी तुकडी, सगळं सांगून टाकलं.

तिने हात सोडले. ओरडली असती तर बरं झालं असतं. "दोन रात्री हे मला बोलत होते," ती हळू म्हणाली. "आणि मी त्यांना सांगत होते, बाई खोटं नाही बोलायच्या." तिने दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला. "मला निघायला हवं. बारापर्यंतच ऑफिस उघडं असतं." आतून प्राचीने "बाई आल्या?" असं विचारलं. सुषमाने तिला चप्पल घालायला सांगितलं. चहाचं कुणी काही बोललं नाही.

सोमवारी तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब आले. मुलांना उभं करून त्यांनी स्वतः मोजलं, मग पुन्हा एकदा मोजलं. एकोणतीस. हेडसरांनी माझ्याकडे बघितलं आणि नजर खिडकीकडे वळवली. मला एका शब्दानेही ते कधी बोलले नाहीत. आठ दिवसांनी ऑर्डर आली, घाटकोपरची शाळा. पुढची सहा वर्षं मी अंधेरीला बस बदलून घाटकोपरला जात होते. खोली बोरिवलीतच राहिली.

प्राचीला मी अधूनमधून रस्त्यात बघायची, टाय लावलेली, सॉक्स घोट्यावर उतरलेले. एकदा तिने लांबून हात हलवला. सुषमा तिला घेऊन रस्ता ओलांडत होती. तिने माझ्याकडे बघून मान हलवली. अनोळखी शिक्षिकेकडे बघून हलवतात तशी, पुरेशा आदराने. त्या घराचं दार मी पुन्हा वाजवलं नाही. दोन-तीनदा जिन्यापर्यंत जाऊन परत फिरले.

पुढे नव्या शिक्षिकांना मी एक गोष्ट आवर्जून सांगत असे. सर्व्हेला जाल तेव्हा अस्सल दाखला घेऊ नका, ट्रू कॉपी घ्या. त्या शिक्षिका ते वहीत लिहून घ्यायच्या. दुसरी गोष्ट मात्र मी कुणाला सांगितली नाही. शिक्षकाने खरं बोलावं हे सगळ्यांनाच माहीत असतं, मी तर दर वर्षी ते फळ्यावर सुविचार म्हणून लिहायची. गुरुवारीच खरं बोलले असते तर माझी तुकडी तेवढी गेली असती, सुषमा राहिली असती. मी शनिवारी बोलले.